हिममानव दिसला म्हणणाऱ्यांना नेमकं काय दिसतं? (आणि मला काय दिसलं?)

पायवाट:

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मागच्या ऑक्टोबरात आम्ही आठ जण उत्तराखंडात हर की दूनच्या बाजूला रुईनसारा ताल या डोंगरातल्या तळ्यावर गेलो होतो. तालाच्या थोडं अलीकडे तंबू टाकले. दुपारी बर्फ भुरभुरून गेलं होतं, फार नाही, बूट बुडेल इतकंच. संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला मी एकटाच बाटल्या भरायला पाण्यावर गेलो. दरीत ऊन उरलं नव्हतं, फक्त वरच्या शिखरांवर होतं. वाकून बाटली धरली होती आणि समोरच्या काठावर मोठमोठ्या धोंड्यांमधे काहीतरी उभं आहे असं वाटलं म्हणून मान वर केली तर खरंच उभं होतं. दोन पायांवर. गडद तपकिरी, खांदे प्रचंड, मान अशी दिसतच नव्हती, डोकं थेट खांद्यांवर ठेवल्यासारखं. अंतर असेल ७०-८० मीटर. ते माझ्याकडे बघत होतं आणि मी त्याच्याकडे, सात-आठ सेकंद गेले असतील, मग ते वळलं आणि धोंड्यामागं गेलं आणि मी बाटल्या तिथंच टाकून तंबूकडे पळालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या बाजूच्या काठावर, तंबूंपासून फार लांब नाही, ठसे होते. माझा बूट १० नंबरचा, त्याच्या जवळजवळ दीडपट लांब. बोटं दिसत होती. फोटो काढलेत. मापासाठी शेजारी ट्रेकिंगची काठी ठेवली होती पण गडबडीत तिरकी ठेवली गेली. गाईडला दाखवले तर तो बघून काही न बोलता सामान आवरायला लागला.

घरी आल्यापासून हे ज्याला सांगितलं त्यानं हसण्यावारी नेलंय. व्हॉट्सॅप ग्रुपवर तर चेष्टेला ऊत आलाय. एक तर मी थापा मारतोय किंवा विरळ हवेनं माझं डोकं फिरलं होतं, एवढे दोनच पर्याय लोक देतात. मी यती बघितला असा माझा दावा नाहीये हो. पण मी काहीतरी बघितलं, ते उभं होतं, आणि त्यानं माझ्याकडे बघितलं. जगभरात इतके लोक इतकी वर्षं हेच सांगतायत, हिमालयात यती, अमेरिकेत बिगफूट, सुमात्रात तो बुटका ओरांग पेंडेक, तर हे सगळे खोटारडे कसे असतील? यांना नेमकं काय दिसतं? जाणकारांनी प्लीज सांगावं.

निळाडोंगर:

पहिल्यांदा हे सांगतो की तुम्ही थापा मारताय असं तुमचं वर्णन वाचून अजिबात वाटत नाही. थाप मारणारा माणूस काठी तिरकी पडली हे सांगत नाही.

या विषयावर मी गेली पंधरा-वीस वर्षं मिळेल ते वाचतोय त्यामुळं थोडं लांबण लागेल. हिममानवाची जी बातमी जगभर झाली तिची सुरुवातच मोठी मजेशीर आहे. १९२१ ची पहिली एव्हरेस्ट मोहीम, नेते चार्ल्स हॉवर्ड-बरी. ल्हाकपा ला या खिंडीजवळ, म्हणजे २१-२२ हजार फुटांच्या आसपास, त्यांना बर्फात मोठे ठसे दिसले. त्यांचं स्वतःचं मत होतं की लांडगा धावत गेलाय आणि मऊ बर्फात ठशावर ठसा पडून ते मोठे झालेत. हमाल मात्र म्हणाले मेतोह-कांगमी, त्यातलं कांगमी म्हणजे हिममानव. पुढं कलकत्त्याच्या स्टेट्समनमधे लिहिणारे हेन्री न्यूमन यांनी दार्जिलिंगला परतलेल्या हमालांशी बोलून बातमी केली आणि त्या ‘मेतोह’चं भाषांतर केलं घाणेरडा, ओंगळ. झालं. ‘ओंगळ हिममानव’ हे नाव तिथून जे चिकटलं ते अजून निघालेलं नाही. म्हणजे ज्यानं ठसे डोळ्यांनी बघितले तो लांडगा म्हणत होता आणि ज्यानं बघितले नाहीत त्यानं मानव केला!

आता त्या शब्दाचंच बघा. मेतोह मधला ‘मे’ म्हणजे माणूस आणि पुढचा भाग तिबेटीत तपकिरी अस्वलासाठी जो शब्द आहे त्याच्यापाशी जातो. माणूस-अस्वल. यती हाही शब्द आपण संन्यासी या अर्थानं वाचतो पण त्याचा आपल्या यतीशी काही संबंध नाही, तो शेर्पा लोकांचा ‘येती’, खडकाळ जागेतलं जनावर, खडकातलं अस्वल अशा अर्थाचा. ज्यांच्या डोंगरात ही गोष्ट जन्मली त्यांनी नावातच अस्वल ठेवलंय आणि आपण बाहेरचे लोक शंभर वर्षं त्यात माकड शोधतोय.

मग १९५१, एरिक शिप्टन आणि मायकल वॉर्ड हे ब्रिटिश गिर्यारोहक, मेनलुंग हिमनदी. तो बर्फकुऱ्हाडीशेजारचा ठशाचा फोटो तुम्ही नक्की बघितला असणार, साधारण १३ इंची, अंगठा मोठा आणि बाजूला. इतका स्वच्छ फोटो त्याआधी नव्हता, नंतरही फारसा नाही. त्या फोटोबरोबर एका लांबच लांब पावलांच्या रांगेचा फोटोही छापला जायचा आणि लोकांना वाटायचं दोन्ही एकाच जनावराचे. ते तसे नव्हते, रांग वेगळ्याच जनावराची होती, हे पुढं वॉर्डनीच स्पष्ट केलं. एक ठसा आणि दुसऱ्याचीच रांग, यावर केवढी मोठी इमारत उभी राहिली. १९५४ ला तर लंडनच्या डेली मेलनं अख्खी मोहीम पाठवली हिममानव शोधायला. मिळाला नाही.

तुमच्या जागेच्या जवळचं म्हणाल तर गढवालमधले दोन प्रसंग मला फार महत्त्वाचे वाटतात. १९३७ साली ब्रिटिश गिर्यारोहक फ्रँक स्माइद भ्यूंडार खोऱ्यात होते, आपण जिला व्हॅली ऑफ फ्लॉवर्स म्हणतो तेच. त्यांना ठसे मिळाले, सोबतचे शेर्पा घाबरले, पण या माणसानं शांतपणे मापं घेतली, फोटो काढले, ठसे आले कुठून नि गेले कुठं हे मागोवा घेत बघितलं आणि परत आल्यावर प्राणिशास्त्रज्ञांना दिलं. उत्तर आलं अस्वल.

दुसरा प्रसंग १९८६ चा, हेमकुंडच्या बाजूला. अँथनी वूलड्रिज नावाचे ब्रिटिश गृहस्थ एकटे जात होते, वाटेत ठसे दिसले, पुढं हिमकडा कोसळलेल्या जागी त्यांना बर्फात उभी असलेली एक आकृती दिसली. बराच वेळ बघितली, फोटो काढले. ते फोटो जगभर छापून आले, मोठमोठ्या लोकांनी बघितले. नंतर त्या जागेच्या नव्या फोटोंवरून मोजमाप झालं आणि कळलं की तो खडक होता. आणि या माणसानं ते जाहीरपणे मान्य केलं. मला या सगळ्या इतिहासात सगळ्यात जास्त आदर वाटतो तो यांच्याबद्दल, कारण दिसलं तेही प्रामाणिकपणे सांगितलं आणि चुकलं तेही.

तुमचं मात्र वळलं आणि गेलं म्हणताय, म्हणजे खडक नाही. फोटो टाका.

कस्तुरी:

मी जरा वेगळी बाजू मांडते, रागावू नका. दरवेळी अस्वल अस्वल म्हणून विषय मिटवतात याचा मला खरंच त्रास होतो. जे लोक पिढ्यानपिढ्या त्या डोंगरात गुरं चारतात त्यांना अस्वल ओळखू येत नाही का? मी नेपाळात एव्हरेस्टकडच्या खुंबू भागात गेले होते तेव्हा खुमजुंग गावच्या गोम्पात, म्हणजे बौद्ध मठात, ती यतीची टाळू (डोक्यावरची केसांसकट कातडी) म्हणून ठेवलीय ती बघितली. कुलूपबंद पेटीत असते. शंकूसारखी उंच, मधोमध शेंडीसारखी केसांची रेघ, केस लालसर काळे आणि राठ, ब्रशसारखे. दाखवणारे आजोबा हसत नव्हते की नाटक करत नव्हते. देवघरातली वस्तू दाखवावी तसं दाखवलं आणि परत कुलूप लावलं. ती शांतता अजून आठवते.

आणि मोठा प्राणी लपून राहूच शकत नाही हे तर साफ चूक. पर्वतीय गोरिला पाश्चात्त्य विज्ञानाला १९०२ पर्यंत माहीत नव्हता. साओला, गाईगुरांच्या कुळातलं एवढं मोठं जनावर, १९९२ ला व्हिएतनाममधे कळलं. सुमात्रातला तापानुली ओरांगउटान वेगळी जात आहे हे तर २०१७ ला जाहीर झालं. भूतानमधे पूर्वेला साकतेंग अभयारण्य आहे, ते करताना मिगोईचा, म्हणजे त्यांच्या रानमाणसाचा अधिवास हेही एक कारण होतं. एक अख्खं सरकार ज्याला जागा ठेवतं त्याला आपण दोन ओळींत नाही म्हणून टाकायचं?

पायवाट, तुम्ही जे बघितलं ते बघितलं. लोकांच्या हसण्यानं ते पुसू नका.

निळाडोंगर:

कस्तुरीताई, रागवायचं काही कारणच नाही. टाळूबद्दल तेवढं सांगतो कारण ती गोष्ट पूर्ण सांगण्यासारखी आहे. १९६० ला एडमंड हिलरी यांनी ती गावकऱ्यांकडून उसनी मागितली. गावानं दिली, पण ठराविक आठवड्यांत परत यायला हवी या बोलीवर आणि सोबत गावचे एक वडीलधारे खुंजो चुंबी गेले. शिकागो, पॅरिस, लंडन सगळीकडे तज्ज्ञांनी बघितली. ती सेरो नावाच्या डोंगरी बोकडासारख्या जनावराच्या कातड्याची, साच्यावर ताणून केलेली निघाली. पण म्हणून गावानं ती फेकली नाही आणि फेकू नयेच, ती त्यांच्या धर्मविधीतली वस्तू आहे, पुरावा म्हणून त्यांनी ती कधी बनवलीच नव्हती. आणि त्याच खुमजुंगमधे हिलरींनी १९६१ ला शाळा काढली, हिममानवापेक्षा ती शाळा जास्त टिकली म्हणायची.

मेघालयात गारो टेकड्यांत अशाच रानमाणसाला मांदे बारुंग म्हणतात, त्याचे म्हणून मिळालेल्या केसांची २००८ ला इंग्लंडमधे तपासणी झाली, ते गोरल या डोंगरी बकरीसारख्या जनावराचे निघाले. २०१७ ला शार्लट लिंडक्विस्ट या शास्त्रज्ञ बाईंच्या टीमनं यतीचे म्हणून जपलेले केस, हाड, कातडं, विष्ठा असे ९ नमुने डीएनएसाठी घेतले, ८ अस्वलांचे, १ कुत्र्याचा. तुम्ही दिलेली साओलाची उदाहरणं खरी आहेत, पण साओलाची शिंगं शिकाऱ्यांच्या घरांत टांगलेली सापडली होती हो. म्हणजे वस्तू आधी मिळाली. इथं जी जी वस्तू मिळते ती दुसऱ्याच कुणाची निघते, माझी अडचण तिथं आहे.

रानभूल:

मी काही वर्षं वन्यजीव गणनेत स्वयंसेवक म्हणून हिमाचल-उत्तराखंडात काम केलंय, ठसे आणि विष्ठा गोळा करणं हेच काम, त्यामुळं इतिहासात न शिरता सरळ ठशांवर येते.

अस्वलाचा मागचा पाय माणसाच्या तळव्यासारखा दिसतो, टाच टेकते, पाच बोटं. पहिल्यांदा बघणारा प्रत्येक जण दचकतो, मीही दचकले होते. त्यात चालताना त्याचा मागचा पाय बऱ्याचदा पुढच्या पायाच्या ठशावर किंवा त्याला थोडा चिकटून पडतो, मग दोन मिळून एक लांबलचक ठसा होतो. वरून थोडं ऊन लागलं की कडा वितळतात आणि आणखी वाढतो. दीडपट बूट यात सहज बसतं. २०१९ ला आपल्या लष्करानं मकालू बेस कॅम्पजवळचे ३२ बाय १५ इंचाचे ठसे म्हणून फोटो ट्विट केले होते ते आठवत असेलच, नुसत्या मापावरून काही ठरत नाही.

पण दोन गोष्टी अशा आहेत की त्या फोटोत दिसल्या तर खूप काही कळतं. आपल्या पायात सगळ्यात मोठं बोट आतल्या बाजूला असतं, अस्वलाचं उलटं, मोठं बोट बाहेरच्या बाजूला आणि सगळ्यात बारीक आत. आणि तपकिरी अस्वलाची नखं लांब असतात म्हणून बोटांच्या पुढं, थोडं अंतर सोडून बारीक टोचे दिसतात. काळ्या अस्वलाचे बोटांच्या जवळ असतात. बर्फ भुसभुशीत असेल तर टोचे दिसत नाहीत, कडक असेल तर दिसतात. पायवाट, तुमच्याकडे डाव्या उजव्या पायाचा एकापुढे एक असा फोटो आहे का? मोबाईलवर नको, मोठ्या स्क्रीनवर बघा. आणि टाचेच्या मागच्या कडेला पायरीसारखं काही दिसतंय का तेही, ती ठशावर ठसा पडल्याची खूण.

आणि उभं राहण्याबद्दल, अस्वल वास नीट घ्यायला आणि लांबचं बघायला मागच्या पायांवर उभं राहतं. हल्ला करायला नाही, नुसतं कुतूहल. काही सेकंद उभं राहतं आणि मग वळून जातं. रुईनसाराच्या त्या सगळ्या भागात तपकिरी अस्वल आहे आणि ऑक्टोबर म्हणजे झोपेत जायच्या आधी दिवसभर खात फिरायचे दिवस.

चांदणवेल:

रानभूल यांच्याशी सहमत. बिगफूटचंही तसंच आहे. १९५८ ला कॅलिफोर्नियात ब्लफ क्रीकला रस्त्याच्या कामावर मोठे ठसे मिळाले आणि पेपरात बिगफूट हे नाव आलं, २००२ ला त्या कामाचे ठेकेदार रे वॉलेस वारले तेव्हा घरच्यांनी सांगितलं की लाकडी पाय करून त्यांनीच ते उमटवले होते. पण म्हणून सगळेच साक्षीदार लबाड ठरत नाहीत ना. २०२४ मधे एक अभ्यास आला त्यात अमेरिका-कॅनडातल्या बिगफूट दिसल्याच्या नोंदी आणि काळ्या अस्वलांची संख्या जुळवून बघितली, जिथं हजार अस्वलं जास्त तिथं नोंदी साधारण ४% जास्त. म्हणजे माणसं खरंच काहीतरी बघतायत. १९६७ ची ती पॅटरसन-गिमलिनची, बिगफूट चालताना दिसतो म्हणतात ती जेमतेम मिनिटभराची फिल्मही त्याच ब्लफ क्रीकची, तिच्यावर अजून भांडणं चालू आहेत, मी त्यात पडत नाही.

विरळ हवेबद्दल, वर ज्या स्माइदचं नाव आलं तेच १९३३ ला एव्हरेस्टवर एकटे असताना सोबत कुणीतरी आहे असं इतकं पक्कं वाटत होतं की खाऊचा तुकडा मोडून त्याला द्यायला मागं वळले. पण ते २८ हजार फुटांवर. रुईनसारा साडेतीन हजार मीटर, तिथं धडधाकट माणसाला असं व्हायचं कारण नाही. तुमचं डोकं ठिकाणावर होतं.

पायवाट:

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं शांतपणे कुणी ऐकून घेतलंच नव्हतं.

काल रात्री मुलीच्या लॅपटॉपवर सगळे फोटो मोठे करून बघितले. रानभूल, तुम्ही म्हणालात ते सगळं आहे. एका फोटोत दोन पावलं आलीयत, दोन्हींत मोठं बोट बाहेरच्या बाजूला. मी इतके महिने ते बघत होतो आणि डावा पाय हा उजवा आणि उजवा हा डावा असं धरून चाललो होतो, कारण मोठं बोट म्हणजे अंगठा आणि अंगठा आतच असणार हे डोक्यात पक्कं. बोटांच्या पुढं दोन बोटं रुंद अंतर सोडून टोचे आहेत, चार नीट दिसतात, पाचवा पुसट. आणि टाचेच्या मागं पायरी आहे. बर्फाची एक पातळ कड, तिच्या खाली दुसरी. ती मला आधी सावली वाटली होती.

मग आज सकाळी गाईडला फोन लावला. त्यानं पहिल्या वाक्यात सांगितलं, रीख था साहब. रीख म्हणजे त्यांच्याकडे अस्वल. त्याला ठसे बघताक्षणी कळलं होतं पण आमच्यातले दोघं आधीच घाबरट, पुढची रात्रही तंबूतच काढायची, म्हणून तो बोलला नाही आणि त्या रात्री आम्हाला न सांगता स्वयंपाकाच्या तंबूबाहेर शेकोटी जिवंत ठेवून जागत बसला होता. मला हे माहीतच नव्हतं. फोनवर काय बोलावं सुचेना.

खरं सांगू का, थोडं वाईट वाटलं. मला हिममानव हवा होता असं नाही, पण काहीतरी हातातून निसटल्यासारखं वाटलं.

रानभूल:

काही निसटलेलं नाही. मी इतकी वर्षं ठसे मोजले आणि हिमालयातलं तपकिरी अस्वल प्रत्यक्ष दोनदाच बघितलं, दोन्ही वेळा दुर्बिणीतून, समोरच्या डोंगरावरचा हलणारा ठिपका. ७० मीटरवर उभं राहून त्यानं माझ्याकडे बघितलं असं माझ्या बाबतीत कधी झालं नाही. आपल्याकडे ही अस्वलं फार थोडी उरलीयत, कायद्यानं वाघाइतकंच संरक्षण आहे त्यांना, वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात. फोटो, तारीख, जागा आणि वेळ तिथल्या वनविभागाला नक्की पाठवा. तिरकी काठी असली तरी चालेल, काठीची लांबी कळवा, त्यावरून माप काढता येतं.

कस्तुरी:

मी माझं मत सगळं बदललं असं नाही, पण टोच्यांचं वाचून पायवाट यांच्या बाबतीत मान्य करते. एकच विचारायचंय. ते उभं होतं तेव्हा त्याचे हात कसे होते? माझ्या मनात पहिल्यापासून तोच प्रश्न होता आणि तुम्ही हातांबद्दल काहीच लिहिलं नाहीत.

पायवाट:

कस्तुरीताई, तुमचा प्रश्न वाचून मी डोळे मिटून बराच वेळ बसलो.

हात खाली सोडलेले नव्हते. छातीपुढं होते, मनगटात मोडल्यासारखे लोंबत होते, दोन्ही. मला ते त्या दिवशीही दिसलं होतं. पण आजपर्यंत ज्याला ज्याला सांगितलं त्याला खांदे सांगितले, डोकं सांगितलं, बघणं सांगितलं, आणि हात गाळले. मुद्दाम नाही. सांगताना ते डोळ्यासमोर यायचेच नाहीत, कारण मी ज्याची गोष्ट सांगत होतो त्याला तसे हात नव्हते.

फोटो आज रात्री पाठवतोय. काठी १२० सेंटीमीटरवर लावलेली होती.